अनसूयाबाईंचा रविवार

१

हर्षालीला रविवार मोठ्या मुश्किलीने मिळालेला होता. आठवडाभर नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या प्रयोगशाळेत निर्यातीच्या द्राक्षांत फवारणीचं औषध किती उरलंय ते तपासायचं, जाता-येता द्वारका चौकाच्या गर्दीतून स्कूटर काढायची, घरी येऊन पुन्हा ओट्याशी उभं राहायचं. रविवारी मात्र दुपारची जेवणं आटोपली की दिवाणखान्यातला टीव्ही तिचा. त्या वेळात तिच्याशी कोणी बोलायचं नाही, हे घरात कोणी न सांगताच ठरून गेलं होतं.

ती पाहायची जपानी ॲनिमे, तिकडच्या कार्टून मालिका. त्यातही तिला एकाच प्रकारच्या गोष्टींचं वेड. एक दिवस संपतच नाही, तोच पुन्हा उगवतो, आणि तो का उगवतो ते एक कुणीतरी एकटं शोधत राहतं. सध्या चालू असलेली मालिका एका बेटावरच्या शाळेची होती. शाळेची शेवटची घंटा झाली की बेटावर पुन्हा सकाळ व्हायची, आणि एका मुलीशिवाय कुणालाच काही आठवायचं नाही. दर रविवारी दुपारी नवा भाग यायचा.

"तेच तेच काय बघतेस गं?" असं मयुरेशने, तिच्या नवऱ्याने, एकदा विचारलं होतं.

"तेच तेच नसतं रे ते. सगळ्यांसाठी दिवस पहिलाच असतो, फक्त तिच्यासाठी नसतो. सगळं उरावर घेऊन ती परत पहिल्या पायरीवर येऊन उभी राहते. विचार कर ना, किती एकटी असेल!" एवढं बोलताना तिच्या अंगावर काटा आला होता. मयुरेशने बरं म्हणून मोबाइलमध्ये डोकं घातलं होतं.

सासूबाईंनी, अनसूयाबाईंनी, तेवढंही विचारलं नव्हतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्या दारातून जाताना टीव्हीकडे बघून म्हणाल्या होत्या, "ही चित्रं बघायचं वय राहिलंय का आता?" त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही.

तसा त्या दोघींमध्ये कुठलाच विषय फार काळ चालत नसे. अनसूयाबाईंचं सासर पंचवटीतल्या पुजाऱ्यांचं. यजमानांचे विधी, सोवळंओवळं, नैवेद्य यात त्यांचा जन्म गेला. हर्षाली सटाण्याकडची, कांदा आणि डाळिंब पिकवणाऱ्या घरातली. मयुरेशने स्वतः ठरवून केलेलं लग्न. भांडण असं कधी झालं नाही. पण हिरावाडीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागत. सासरे गेल्यावरही त्यात फरक पडला नाही. फोनवर वडिलांशी हर्षाली अहिराणीत बोलायला लागली की अनसूयाबाई उठून आपल्या खोलीत जात आणि दार लोटून घेत.

२

थंडीतल्या एका रविवारची सकाळ होती. मयुरेश ऑफिसच्या कामाने पुण्याला गेला होता, रात्री उशिरा येणार होता. हर्षाली बाल्कनीत कपडे पिळत होती. खाली कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ता खणून ठेवलेला, त्यात एक रिक्षा अडकलेली, आणि रिक्षावाला कुणाला तरी शिव्या घालत होता.

स्वयंपाकघरातून हाक आली.

"हर्षाली, तुले भूक लागनी का?"

हर्षालीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. आवाज अनसूयाबाईंचा होता. घरात दुसरं होतंच कोण? पण ती भाषा हर्षालीच्या आईची होती, आणि आई जाऊन एक आयुष्य लोटलं होतं.

ती पॅसेजमधून आत गेली. अनसूयाबाई ओट्याशी उभ्या होत्या, नेहमीसारख्याच. चापूनचोपून नेसलेली साडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. खलबत्त्यात त्यांनी मिरची आणि लसूण ठेचलेला होता. या बाईंनी आजवर कधी लसणाला हात लावलेला हर्षालीने पाहिला नव्हता. लसणाचं जे काही असेल ते हर्षालीने करायचं, तिच्या वेगळ्या कढईत.

"आई, तुम्ही आत्ता काय म्हणालात?"

"भूक लागली का म्हटलं. आठे बठ." त्यांनी पायाने स्टूल पुढे सरकवलं. "आणि चष्मा नवाच आहे गं, डोळ्यांना काही झालेलं नाही."

तुमचा चष्मा बदलायला झालाय का, असं हर्षाली खरंच विचारणार होती. लसूण आणि आलं यांत गल्लत झाली असेल, असा एक वेडा विचार तिच्या मनात येऊन गेला होता. तो ओठांवर यायच्या आतच त्याला उत्तर मिळालं होतं.

ती बसली. भाकरी गरम होती, ठेचा अगदी तिच्या गावाकडच्यासारखा भरड. खाता खाता ती स्वतःला समजावत राहिली. वर्षानुवर्षं फोनवरचं बोलणं कानावर पडतंय, चार शब्द येणारच. लसणाचंही तसंच, माणूस म्हातारपणी मऊ पडतं. प्रयोगशाळेत एखादा आकडा भलताच आला तर ती आधी यंत्र तपासायची, मग नमुना. घाबरायचं सगळ्यात शेवटी.

पण 'बठ' म्हणताना तो 'ठ' जरा लांबवून सोडून द्यायचा असतो. तो नुसतं ऐकून येत नाही. त्याला त्या भाषेत राहावं लागतं.

अनसूयाबाई समोर उभ्या राहून तिला खाताना बघत होत्या. एखादं लेकरू पुष्कळ दिवसांनी घरी यावं आणि आईने त्याला जेवताना बघत बसावं, तसं. 

३

दुपारी तिने टीव्ही लावला. अनसूयाबाई आल्या. त्यांची जागा खिडकीपाशी, वेताच्या खुर्चीत. आज त्या सरळ कोचावर हर्षालीच्या शेजारी येऊन बसल्या, पाय वर घेऊन, पांघरूण अर्धं स्वतःवर, अर्धं हर्षालीच्या गुडघ्यांवर टाकून. त्या हातांना तसं पांघरूण टाकायची सवय होती. हर्षालीला ते घ्यायची नव्हती.

"मी बसले तर चालेल ना?"

"बसा ना आई. पण हे जपानीत असतं. खाली इंग्रजी अक्षरं येतात."

"येऊ देत."

भाग सुरू झाला. तो त्याच दिवशी, थोड्या वेळापूर्वी जगाला पहिल्यांदा दिसला होता. हर्षालीच्या मोबाइलवर तिच्या ग्रुपमधल्या मैत्रिणींचे मेसेज धडाधड येत होते, 'कुणी काही सांगू नका, मी अजून बघितला नाही.' पडद्यावर बेटावरची ती मुलगी शाळेच्या फाटकात उभी होती. समुद्रावरचं धुकं, लांबवर एक होडी. शिपाई घंटेकडे चाललेला. मुलगी काहीतरी पुटपुटत होती.

हर्षालीला ते पुटपुटणं दोन बाजूंनी ऐकू येत होतं.

तिने मान वळवली नाही. नुसते डोळे वळवले. अनसूयाबाईंचे ओठ हलत होते. पडद्याकडे बघत, अगदी हलक्या आवाजात, त्या मुलीबरोबर जपानीत बोलत होत्या. जप करताना ओठ हलतात तसेच. पण जप नव्हता तो.

हर्षालीने रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.

खोलीत शांतता झाली. खालच्या रस्त्यावरचं खोदाईचं यंत्रही नेमकं थांबलेलं. पडद्यावर मुलगी तोंड उघडून काहीतरी ओरडली, शिपाई वळला, त्याने उत्तर दिलं. आणि त्या बिनआवाजाच्या चित्रांना अनसूयाबाईंचा थकलेला, नाशिकच्या पाण्यावर पोसलेला आवाज शब्द पुरवत होता. मुलीचं वाक्य मुलीच्या घाईने, शिपायाचं शिपायाच्या आळसाने. एकही ओठ चुकत नव्हता. मुलगी रडायला लागली तेव्हा अनसूयाबाईंचा आवाजही रडवेला झाला, आणि खाली आलेली इंग्रजी अक्षरं वाचताना हर्षालीच्या लक्षात आलं, की बाईंनी शब्द आधी उच्चारला होता. मुलीने नंतर.

तिने टीव्हीच बंद केला.

अनसूयाबाई दचकल्या. मग ओशाळं हसल्या. "अगं, सवयीने झालं. तुझ्यासमोर बोलायचं नाही असं मी ठरवलेलं असतं. विसरतेच."

४

"हा भाग तुम्ही कुठे पाहिलात?" हर्षालीने विचारलं. आवाज शांत ठेवायला तिला फार कष्ट पडले.

"इथेच. तुझ्याशेजारी बसून."

"केव्हा?"

"आज."

हर्षाली उठून उभी राहिली. मेंदूत गाठ असली की माणूस असं बोलतं, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. पण गाठ असलेला मेंदूही न ऐकलेली भाषा बोलत नाही. तिने विचारलं, "मग शेवटी काय होतं ते सांगा."

"नको. शेवट सांगितला की तू चिडतेस."

"मी कधी चिडले?"

"नेहमी चिडतेस," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि त्यात इतकी माया होती, की हर्षालीच्या पाठीतून गार काहीतरी सरकत गेलं. "बस अशी. उभी राहिलीस की तुझे पाय थरथरतात. मग तू ते दिसू नयेत म्हणून खिडकीशी जातेस, आणि मग आपलं बोलणं अर्धंच राहतं."

हर्षाली खिडकीकडे निघालीच होती. ती थांबली.

"सटाण्याच्या स्टँडवर तू बसली होतीस ना, तशीच बसतेस अजून," अनसूयाबाई म्हणाल्या. "कडेला. कुणी आलं तर पटकन उठता यावं म्हणून."

ती गोष्ट हर्षालीने कुणाला सांगितलेली नव्हती. वडिलांना नाही, मयुरेशला तर नाहीच. लहानपणी आईला नाशिकच्या दवाखान्यात हलवलं, त्या दिवशी ती घरातून निसटून सटाण्याच्या एसटी स्टँडवर जाऊन बसली होती. नाशिकहून गाडी यायची, दार उघडायचं, माणसं उतरायची, आई नसायची. पुढची गाडी. पुन्हा दार उघडायचं. संध्याकाळी गावातल्या कुणीतरी तिला ओळखून घरी सोडलं. तोवर आई गेल्याचा निरोप घरी पोचलेला होता. कधीच परत न येणाऱ्या माणसाची वाट ती अजून बघत होती, आणि त्या बेटावरच्या मुलीत आपल्याला काय दिसतं, ते तिने स्वतःलाही कधी नीट सांगितलं नव्हतं.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तू."

"केव्हा?" हे विचारताना आता तिला उत्तर माहीत होतं.

"आजच. एकदा रिक्षात सांगितलंस, कॅनडा कॉर्नरच्या चौकात आपण अडकलो होतो तेव्हा. एकदा दवाखान्याच्या बाकावर. एकदा इथेच, या कोचावर. आधी त्रोटक सांगायचीस. मग कुठे काय विचारायचं ते मला कळत गेलं." त्यांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. हात उबदार होता, नेहमीच्या माणसाचा हात होता. "तुला वाटतं मी तुझ्याशी कधी चार शब्द बोलले नाही. तुझ्यासाठी ते खरंच आहे. कालपर्यंत मी तशीच होते. फार वाईट वाटतं गं मला, तुझ्या बाजूने काही साठलेलंच नसतं."

५

त्यानंतर हर्षालीने ते सगळे प्रश्न विचारले, जे त्या मालिकांमधून ती शिकली होती. सुरुवात कशाने झाली? त्या दिवशी काही वेगळं घडलं होतं का? कुणी काही दिलं होतं, कुठे जाऊन आलात, कुणाचा शाप, कुणाला वचन? काय केलं म्हणजे थांबतं?

अनसूयाबाई ऐकून घेत राहिल्या. सगळे प्रश्न त्यांना पाठ असणार. तरी मध्ये एकदाही त्यांनी तिला तोडलं नाही.

"कारण काही नाही," त्या म्हणाल्या. "मीही शोधलं. देवाला विचारलं, माझ्या सासरच्या पोथ्या उघडल्या. काही नाही. संध्याकाळी दिवेलागणीला माझ्या छातीत कळ येते आणि मी जाते. मग दूधवाल्याची बेल वाजते, आणि रविवार."

"जाते म्हणजे?"

"मरते गं."

हर्षालीने स्कूटरची किल्ली उचलली. "उठा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात."

"हं," अनसूयाबाई हसल्या. डोळे भरून आले होते त्यांचे. "बघ. आलीसच."

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"तू मला सकाळी नेलंस, दुपारी नेलंस. मोठ्या दवाखान्यात नेलंस, लहान दवाखान्यात नेलंस. डॉक्टर सगळे चांगलेच होते, कुणाची चूक नाही. मुंबईला निघालो होतो, कसाऱ्याचा घाट उतरताना मी गेले. तुझ्या मांडीवर. सुरुवातीला मला मयुरेश हवा असायचा. तो दर वेळी रस्त्यातच असायचा बिचारा. तू मात्र असायचीस." त्यांनी पांघरुणाची कड सारखी केली. "मी परीक्षाही घेतली तुझी. खोटं नाही बोलत. सकाळपासून तुला वाटेल ते बोलले. तुझ्या माहेराबद्दल, तुझ्या जातीबद्दल बोलले. म्हटलं, बघू आज येते का. रडलीस, दार आपटून निघून गेलीस. आणि माझी हाक ऐकल्याबरोबर अनवाणी धावत आलीस. एकदाही चुकली नाहीस, हर्षाली. एकदाही नाही."

 आपण कसे आहोत याचा माणूस अंदाजच बांधत असतो. अशी वेळ आली तर मी असं करेन, तसं करेन. ही बाई तिला अंदाज सांगत नव्हती. तिने पाहिलं होतं. हर्षालीला स्वतःविषयी जे कधीच कळलं नसतं, ते या म्हातारीला ठाऊक होतं.

"किती वेळा?" तिने विचारलं.

"मोजणं केव्हाच सोडलं."

"आई, किती?"

अनसूयाबाईंनी बंद टीव्हीकडे पाहिलं. "ती जपानी भाषा शिकायला मी कधी बसले नाही. मी नुसती तुझ्याशेजारी बसले होते."

हर्षालीने डोळे मिटले. उंच कड्याच्या टोकावर उभं राहून खाली वाकावं आणि तळ दिसू नये, तसं तिला झालं. घरात सगळं जागच्या जागी होतं. पंखा बंद, भिंतीवर सासऱ्यांचा फोटो, कोचावर अर्धं पांघरूण. आणि या एवढ्याशा खोलीत त्या पांघरुणाखाली काय काय साठून राहिलं होतं! हा नुसता रविवार नव्हता. समुद्र होता तो, आणि त्याच्या काठावर ती आत्ताशी पाय भिजवून उभी होती.

६

तरी ती गप्प बसली नाही. गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि हे अनसूयाबाईंइतकं कुणाला माहीत असणार! ती खालच्या मजल्यावर राहणाऱ्या डॉक्टर सुवर्णाताईंना घेऊन आली. त्यांनी रक्तदाब पाहिला, नाडी पाहिली, छाती तपासली, घरचं छोटं यंत्र आणून ईसीजीची पट्टीही काढली. सगळं व्यवस्थित होतं.

"उद्या सकाळी एकदा सगळ्या तपासण्या करून घेऊ," सुवर्णाताई म्हणाल्या. "आत्ता काळजीचं काही दिसत नाही. मी घरीच आहे. काहीही वाटलं तर हाक मार."

त्या गेल्यावर हर्षालीने मयुरेशला फोन केला. आईंना बरं वाटत नाहीये, लगेच नीघ. पलीकडे तो धावपळ करत असल्याचं तिला ऐकू आलं.

"रुग्णवाहिका बोलावते," ती म्हणाली.

"बोलाव. मी नाही म्हणणार नाही." अनसूयाबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. उन्हं समोरच्या इमारतीच्या गच्चीवर गेली होती. "पण एक मागू? खणलेल्या रस्त्यात, हादरे खात, अनोळखी छताकडे बघत मी खूपदा गेले. या घरात, तुझ्यापाशी, थोड्याच वेळा. तू ऐकतच नाहीस."

हर्षालीच्या हातात फोन होता. आकडे दाबलेले होते, फक्त हिरवं बटण राहिलं होतं. पुढे कितीतरी दिवस तिला त्या क्षणाने झोप लागू दिली नाही. ती प्रयोगशाळेतली बाई होती. पुराव्याशिवाय तिने आजवर काही मानलं नव्हतं. आणि पुरावा समोर बसून, लहान मुलीसारखा, हो म्हण म्हणून तिच्याकडे बघत होता.

तिने बटण दाबलं. रुग्णवाहिका बोलावली. मग फोन बाजूला ठेवून कोचावर नीट आत सरकून बसली, आणि अनसूयाबाईंचं डोकं मांडीवर घेतलं.

"ती येईपर्यंत तरी इथेच," ती म्हणाली.

"चालेल," अनसूयाबाई म्हणाल्या. "ती रस्त्यापर्यंतच येते." आणि जरा वेळाने, "मला एक शब्द दे. दर वेळी तुझ्याकडून एक नवा शब्द घेऊन जाते मी. आता अहिराणीतले संपत आले."

हर्षालीने दोन-तीन सांगून पाहिले. अनसूयाबाई मानेने नाही म्हणाल्या, ते त्यांच्याकडे होते. मग तिला आईचा एक शब्द आठवला. तो अहिराणीतलाही नव्हता. घरातच जन्मलेला, आई आणि ती यांच्यापलीकडे कुणाला माहीत नसलेला.

"झिमोटा," ती म्हणाली. "भरपूर पाहुणे येऊन गेले की घरात जी शांतता होते ना, ती. मला निजवताना आई म्हणायची, चाल, झिमोटा व्हयना, आते जपी जाऊ."

"झिमोटा," अनसूयाबाईंनी म्हणून पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. "हा नवा आहे. हा तू कधीच दिला नव्हतास."

खाली सायरनचा आवाज आला आणि खणलेल्या रस्त्याच्या तोंडाशी अडकून राहिला. देवघरातला दिवा लावायची वेळ झाली होती. अनसूयाबाईंनी हर्षालीचं मनगट घट्ट धरलं.

"भीती वाटते का?" हर्षालीने विचारलं.

"अजूनही. दर वेळी."

"घाबरू नका. मी शे ना आठे."

कळ आली तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. डोळे मोठे झाले आणि हर्षालीच्या खांद्यावरून मागे, पॅसेजच्या दिशेने लागले. कुणीतरी हाक मारावी आणि माणसाने बोलता बोलता तिकडे लक्ष द्यावं, तसे. मग मनगटावरची बोटं सुटली.

७

सुवर्णाताई धावत वर आल्या. रुग्णवाहिकेतली माणसं चालत, सामान हातात घेऊन आली. सगळ्यांनी जे करायचं ते सगळं केलं, बराच वेळ केलं. मग सुवर्णाताईंनी हर्षालीच्या पाठीवर हात ठेवला. मयुरेश सिन्नरच्या पुढे पोचला होता. त्याला फोनवर काय सांगायचं, शेजाऱ्यांना कसं बोलवायचं, हे ठरवायला रुग्णवाहिकेतल्या माणसांना घेऊन सुवर्णाताई जिन्यात गेल्या. दार नुसतं लोटलेलं होतं.

हर्षाली आत एकटी होती. अनसूयाबाईंना त्यांच्या खोलीत नीट निजवलं होतं. ती त्या खोलीच्या उंबऱ्याशी, पॅसेजमध्ये उभी होती. पॅसेजमधला दिवा कुणी लावला नव्हता. बाहेर पूर्ण अंधारलं होतं.

पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघराचं दार होतं. त्या दाराखालून उजेड येत होता.

तो दिव्याचा नव्हता. फरशीवर तिरपी पट्टी पडली होती, पिवळीधमक, कोवळी, तिच्यात धुळीचे कण तरंगत होते. ते ऊन होतं. फोडणीचा वास आला. आत कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगितलं, आणि दोन बायका एकदम हसल्या. एक आवाज अनसूयाबाईंचा होता. दुसरा हर्षालीने आजवर बाहेरून कधी ऐकला नव्हता, म्हणून तो ओळखायला तिला वेळ लागला.

तिचाच होता तो. पण असं हसताना तिने स्वतःला या घरात कधी ऐकलं नव्हतं. आज सकाळी तर नाहीच.

तिचे पाय आपोआप पुढे गेले. दार किंचित किलकिलं होतं. फटीतून उन्हात न्हालेला ओट्याचा तुकडा दिसला, पीठ लागलेला एक हात दिसला, आणि त्या हाताशेजारी दुसरा, बांगड्यांवरून ओळखू येणारा. तिने आपल्या मनगटाकडे पाहिलं. त्याच बांगड्या.

आतलं हसणं थांबलं.

"आई, पॅसेजमध्ये कुणीतरी आहे," तिच्या आवाजाने आतून म्हटलं.

हर्षालीने श्वास धरला. आत पावलं वाजली, दाराकडे यायला निघाली, आणि मध्येच थबकली.

"नको जाऊस," अनसूयाबाई म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता, शेजारच्या खोलीत लेकरू निजलेलं असावं तसा. "तूच आहेस ती, आधीच्या रविवारातली. माझ्याजवळून आत्ताच उठलीये. दमलीये फार. थोडा वेळ बसू दे तिला."

हर्षाली भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली, फरशीवर बसली. त्या उन्हाच्या पट्टीच्या अगदी कडेला. जिन्यात माणसांची पावलं वाजेपर्यंत ते ऊन तिच्या पायांवर होतं, आणि ते गरम होतं.